उजवा गुडघा

ड्राफ्टच्या दिवशी रत्नाकर उबाळे सभागृहात शिरला तो मुळात दमलेलाच. वर्षभरात त्याच्या संघाने इतके हंगाम खेळून टाकले होते, की कुठला सामना कुठल्या हंगामातला हे त्याला आता धड आठवत नसे. आठ संघांचे व्यवस्थापक आपापल्या टेबलांशी बसले होते. समोरच्या भिंतभर पडद्यावर, हिरव्या टर्फवर, एकामागून एक नवे खेळाडू येत, धावत, चेंडू मारत आणि निघून जात. त्यांतून आपल्या संघासाठी खेळाडू उचलायचे, हा ड्राफ्ट. गेल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याचा पहिला हात. रत्नाकरचा संघ, खडकी लान्सर्स, तळाला होता.

पडद्यावर धावणाऱ्यांपैकी खरं कुणीच नव्हतं. त्या छाया होत्या.

छाया तयार व्हायची ती जिवंत माणसापासून. सतरा-अठरा वर्षांच्या, बऱ्यापैकी हॉकी खेळणाऱ्या मुलामुलींना शिबिराला बोलावत. अंगभर बारीक सेन्सर शिवलेला पोशाख घालून त्यांना टर्फवर पाय गळेपर्यंत पळवत. सांध्यांची आणि स्नायूंची आतून चित्रं घेत, रक्त तपासत, झोप मोजत, आजवरच्या सामन्यांचं मिळेल तेवढं चित्रण गोळा करत. या सगळ्यातून संगणकात एक शरीर उभं राही. त्याच्या हाडांना ताण सोसायची मर्यादा असे, स्नायूंना थकवा येई, छातीला धाप लागे. पाऊल टर्फवर आदळलं की घोट्यातून गुडघ्यात आणि गुडघ्यातून कमरेत किती जोर चढला, याचं गणित क्षणोक्षणी मांडलं जाई. आणि हे शरीर माणसाच्या घड्याळाने चालत नसे. आपल्या जगातल्या एका पंधरवड्यात छायांचा आख्खा हंगाम उरके आणि त्या एका वर्षाने मोठ्या होत.

सुरुवातीला लोक गंमत म्हणून ही लीग बघत. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की छाया जे पंधरवड्यात करते तेच तिचं माणूस काही वर्षांनी करतं. लीगच्या भाषेत अशा माणसाला नुसतं ‘मूळ’ म्हणत. छाया बहरली की पुढे मूळही बहरे. छायेचा खांदा निखळला तर कालांतराने मुळाचाही निखळे. दर वेळी नाही, पण बऱ्याचदा. तेव्हापासून खरे संघ आणि खऱ्या निवड समित्या छायालीगकडे कान लावून बसल्या. लीग त्यांना छायेच्या खेळावरून काढलेला प्रत्येक मुळाचा एक गुणांक तेवढा बंद दाराआड कळवी.

म्हणून लीगचे दोन नियम फार कडक होते. छायेला नाव नाही, चेहराही बदललेला, फक्त क्रमांक. आणि छायेच्या शरीराचं पुढे काय झालं ते मुळाला कधीही सांगायचं नाही. कळलं की मूळ बदलतं, आणि मूळ बदललं की छाया खोटी पडते.

एकशे बारा क्रमांकाची छाया पडद्यावर आली तेव्हा रत्नाकर चष्मा पुसत होता. उजव्या बगलेने ती सुसाट निघाली. बचावपटू अंगावर आली तशी तिने उजवं पाऊल रोवलं आणि त्या एका पावलावर भोवऱ्यासारखी आत फिरली. चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा तिच्याबरोबर फिरला. बचावपटू दोन पावलं पुढे जाऊन थांबली, तोवर छाया गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, डीमध्ये पोचली होती.

सभागृहात कुजबुज झाली. रत्नाकरने चष्मा डोळ्यांवर चढवला नाही. त्याला गरज नव्हती. अशी गिरकी घेताना त्याने जगात एकाच मुलीला पाहिलं होतं.

एस्तेर त्याच्या थोरल्या बहिणीची, शीलाताईची मुलगी. ताई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, मेव्हणे मस्कतला. एस्तेर लहान असताना रत्नाकर संध्याकाळी तिला त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये खेळवायचा. खांबाखांबांतून चेंडू न्यायचा, हा खेळ. खांब अंगावर आला की बाकीची मुलं वेग कमी करत. एस्तेर वेग कमी न करता गर्रकन फिरायची. रत्नाकर स्वतः राज्याकडून खेळलेला माणूस. त्याने तिला तेव्हाच सांगितलं होतं, की तुला पुढे शंभर प्रशिक्षक भेटतील आणि ही सवय मोडायला सांगतील, तू मोडू नकोस, ही तुझी आहे.

नियमाप्रमाणे त्याने उठून सांगायला हवं होतं, की या छायेचं मूळ मी ओळखतो, मला या निवडीतून वगळा. पण मग एकशे बारा दुसऱ्या कुणाच्या तरी संघात गेली असती, आणि बाकीचे व्यवस्थापक छायांना कसं वापरतात ते त्याला माहीत होतं. विश्रांती नाही, बदली नाही, पार मोडेपर्यंत खेळवायचं, कारण छायेला दुखत नाही. रत्नाकरने बटण दाबलं. खडकी लान्सर्सची पहिली निवड, एकशे बारा.

पहिले दोन हंगाम त्याच्या आयुष्यातले बरे दिवस होते. लान्सर्स तळातून वर आले. संघाचे संचालक कौशिक देवस्थळी, रत्नाकरपेक्षा वयाने लहान आणि कायम मऊ आवाजात बोलणारे, स्वतः येऊन अभिनंदन करून गेले. खरी एस्तेर तेव्हा बारावीचा अभ्यास करत होती आणि पडद्यावर ती वीस वर्षांची होऊन गोल करत होती. रविवारी ताईकडे जेवायला गेलं की रत्नाकर भाचीच्या चेहऱ्याकडे बघत राही आणि तिने का बघतोस म्हणून विचारलं की काही नाही म्हणे.

तिसरा हंगाम खरोखर सुरू व्हायच्या आधी त्याने तो चाचणी म्हणून एकट्यापुरता खेळवून पाहिला. त्यात एका साध्या सामन्यात एकशे बाराने उजवं पाऊल रोवलं आणि ती फिरली, पण तिचा गुडघा फिरला नाही. ती टर्फवर बसली. छाया ओरडत नाहीत. ती नुसती बसून राहिली आणि पडद्याच्या कोपऱ्यात लाल खूण आली. गुडघ्यातलं लिगामेंट पूर्ण तुटलं होतं. दीड हंगामाने ती परत आली तेव्हा साधारण खेळाडू होती, आणि नंतर तीही राहिली नाही.

रत्नाकरने मागे जाऊन तो हंगाम पुन्हा खेळवला. व्यवस्थापकाला अशा चाचण्यांची मुभा असे. सराव कमी केला, विश्रांती वाढवली, बूट बदलले, टर्फ मऊ केलं. गुडघा कधी तिसऱ्या हंगामात जाई, कधी चौथ्याच्या सुरुवातीला; पण जाईच. कारण शोधायला वेळ लागला नाही. एस्तेरच्या उजव्या मांडीचं हाड जन्मतःच थोडं आत वळलेलं होतं. त्यामुळेच ती एका पावलावर इतकी झपकन फिरू शकत होती, आणि त्यामुळेच दर गिरकीला गुडघ्यातलं लिगामेंट ओल्या कपड्यासारखं पिळलं जात होतं. देणगी आणि दुखणं एकाच हाडात होतं.

मग त्याने छायेची गिरकी काढून टाकली. ती बचावपटूसमोर थांबायची, चेंडू मागे द्यायची. गुडघा शेवटपर्यंत टिकला. ती चांगली तेहतीस वर्षांची होईतो खेळली. पण ते बघताना रत्नाकरला सामन्याच्या मध्येच डुलकी लागली.

देवस्थळींनी त्याला बोलावून चहा दिला. दुसऱ्या संघांना अजून गुडघ्याचा अंदाज नाही, तोवर एकशे बाराची अदलाबदल करून दोन नवे खेळाडू घ्यावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. रत्नाकरने विचार करतो म्हणून सांगितलं. देवस्थळींना आश्चर्य वाटलं असावं, कारण यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

त्याच रविवारी ताईकडे गोड होतं. एस्तेरला राष्ट्रीय ज्युनिअर शिबिराचं बोलावणं आलं होतं. पहिल्या दोन हंगामांच्या गुणांकावर आलं असणार, हे त्या घरात फक्त रत्नाकरला ठाऊक होतं. एस्तेर मैत्रिणींना सांगायला खाली गेली तेव्हा त्याने ताईला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. आपण हे बोललो तर नोकरी जाईल, हेही सांगितलं, पण ते सांगताना त्याला विशेष काही वाटलं नाही.

शीलाताई ओटा पुसत होती. तिने फडकं पिळलं, वाळत टाकलं, मग त्याच्याकडे वळली.

“मला कशाला सांगितलंस?” ती म्हणाली. “गुडघा तिचा आहे. तिला सांग.”

“तुला काय वाटतं, सांगावं?”

“तू मला विचारायला आलास तेव्हाच ते ठरलं, रत्नू. आता मला माहीत आहे, आणि मी काही तिच्यासमोर रोज खोटं तोंड घेऊन वावरणार नाही.”

त्याने एस्तेरला तिच्या क्लबच्या मैदानावर सांगितलं. सराव संपला होता, ती बाकावर बसून नडग्यांवरचे शिनगार्ड सोडत होती. तो बोलत असताना तिने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. दोन्ही शिनगार्ड काढून तिने शेजारी नीट ठेवले.

“गिरकी घेतली नाही, तर?” तिने विचारलं.

“तर खेळशील. पुष्कळ वर्षं खेळशील.”

“कशी?”

रत्नाकरने तिची स्टिक उचलून बाकाला टेकवून ठेवली.

“मामा, किती वर्षं ते नाही विचारलं. कशी खेळेन?”

“बरी,” तो म्हणाला.

एस्तेरने मान हलवली. मैदानावर पाणी मारणारे फवारे सुरू झाले होते. मग ती बोलली, तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, आणि रत्नाकरला तेच जास्त लागलं. तू हे मला सांगायला नको होतंस, ती म्हणाली, आणि सांगितलं नसतंस तर मी तुला कधी माफ केलं नसतं, हेही मला कळतंय. आता तू जा. मला थोडं बसायचं आहे.

ती शिबिराला गेली. गिरकी सोडायची की नाही हे तिने ठरवलं नव्हतं, आणि हेच वाईट झालं. तिचं मन ठरवेपर्यंत तिच्या पायाने ठरवून टाकलं होतं. उजव्या बगलेने ती पळायची, बचावपटू समोर यायची, आणि नेमक्या त्या क्षणी उजवं पाऊल हातभर आधीच पडायचं, हलकं, चाचरत. गिरकी अर्धी व्हायची. चेंडू निसटायचा. शिबिराच्या प्रशिक्षकांना वाटलं, मुलीला दडपण आलंय. त्यांनी तिला राखीव खेळाडूंत बसवलं. फोनवर ती ताईशी जेवणाखाण्याचं बोले आणि मामाने फोन घेतला की नेटवर्क नाही म्हणे.

वर्षातून एकदा मुळांना पुन्हा तो पोशाख घालून पळवत आणि छायेच्या त्याच वयातल्या नोंदींशी ताडून बघत. एस्तेरची चाल तिच्या छायेशी जुळेना. असा फरक दोनच कारणांनी पडतो, एक म्हणजे दुखापत आणि दुसरं म्हणजे माहिती. दुखापत नव्हती. एकशे बारा कुणाच्या संघात आहे, आणि त्या संघाच्या व्यवस्थापकाचं या मुलीशी काय नातं आहे, हे शोधायला लीगला फार वेळ लागला नाही.

देवस्थळींनी या वेळी चहा मागवला नाही. त्यांनी मऊ आवाजातच विचारलं, की उबाळे सर, तुम्ही सांगितलंत का. रत्नाकर हो म्हणाला. ते म्हणाले, तुम्ही गप्प राहिला असतात तर ती निदान तीन वर्षं उत्तम खेळली असती, नंतर उपचार झाले असते, आता तिच्या हाती काय उरलं. हा प्रश्न तो स्वतःला रोज विचारत होता आणि रोज त्याला वेगळं उत्तर मिळत होतं. त्याने ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि बाहेर आला. बाहेर ऊन होतं. आपल्याला कुठेही पोचायचं नाही, हे लक्षात यायला त्याला रस्ता ओलांडावा लागला.

हिवाळ्यात एस्तेर राज्य संघाकडून नागपूरला खेळायला गेली. ताईच्या आग्रहावरून रत्नाकरही गेला आणि वरच्या रांगेत, तिला दिसणार नाही असा बसला. दुसऱ्या सत्रात तिला मोकळा चेंडू मिळाला. समोर एकच बचावपटू होती. एस्तेरने या वेळी उजवं पाऊल रोवलंच नाही. ती थांबली, डाव्या पायावर भार घेऊन साधी बाजूला सरकली. शाळेतली पोरंही सरकतात तशी. आणि खाली बसली.

रत्नाकर पायऱ्या उतरून मैदानाच्या कडेला पोचला तोवर स्ट्रेचर आलं होतं. ती डाव्या गुडघ्याला दोन्ही हातांनी धरून होती. त्याला आधी वाटलं आपण चुकीचं पाहतोय. त्याने पुन्हा पाहिलं. डावा.

इस्पितळात डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं. बरेच महिने ही मुलगी उजवा पाय जपत होती. चालताना, पळताना, जिना चढतानासुद्धा. तो सगळा भार डाव्याने वाहिला. त्याचे स्नायू थकले, आणि थकलेल्या स्नायूंनी एका क्षणी गुडघा सांभाळला नाही. उजव्या गुडघ्याचं म्हणाल तर तो ठणठणीत आहे, त्या म्हणाल्या, आणि ही चांगली बातमी आहे अशा चेहऱ्याने त्यांनी रत्नाकरकडे पाहिलं.

ताई विमानाने निघाली होती, अजून पोचायची होती. खोलीत दोघंच. एस्तेरच्या पायाला बर्फाच्या पिशव्या बांधल्या होत्या. रत्नाकर खुर्चीत बसला. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने पाणी हवं का विचारलं. तिने नको म्हटलं.

“मामा,” ती म्हणाली, “तुझ्या त्या छायेचा डावा कधी गेला होता?”

“नाही.”

“इतक्या वेळा खेळवलंस. एकदाही नाही?”

“एकदाही नाही.”

तिने छताकडे पाहिलं. तिचा चेहरा सैल पडला. इतके महिने त्या चेहऱ्यावर काय घट्ट बसलं होतं, ते रत्नाकरला ते गेल्यावर कळलं.

“मग हा माझा आहे,” एस्तेर म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले. ती लगेच झोपली. रत्नाकर तिच्या उशाशी बसून रडला, आवाज होऊ न देता.

शस्त्रक्रिया झाली. मग फिजिओथेरपीचे कंटाळवाणे महिने. रत्नाकरला दुसरं काम नव्हतं, त्यामुळे तिला नेणं-आणणं त्याच्याकडेच आलं. गाडीत दोघं फारसं बोलत नसत. कधी ती दुखतंय म्हणे, कधी तो खिडकी लावू का विचारे. लीगने एकशे बारा क्रमांकाची छाया बंद केली; मुळाशी तिचा संबंध उरला नव्हता. गुणांक नाही म्हणून शिबिराचं बोलावणंही पुन्हा आलं नाही. एस्तेर पायावर नीट उभी राहू लागल्यावर लीगची दोन माणसं घरी आली. दुरुस्त झालेल्या गुडघ्यासकट नवी छाया करू, दारं पुन्हा उघडतील, असं त्यांनी सांगितलं. एस्तेरने त्यांचं सगळं ऐकून घेतलं, त्यांना सरबत दिलं आणि नको म्हणाली. ताईने रत्नाकरकडे पाहिलं. रत्नाकरने भाचीला समजवायचा प्रयत्न केला नाही. चूक की बरोबर, हे ठरवण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती, आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं की ती असायची गरजही नाही.

पुढल्या वर्षी खडकीच्या एका मातीच्या मैदानावर स्थानिक स्पर्धा होती. तिथे कुणी सेन्सर लावत नसे, चित्रण तर दूरच. खेळणाऱ्यांत बँकेतल्या बायका होत्या, कॉलेजच्या मुली होत्या, दोन मुलांची एक आई गोलकीपर होती. एस्तेर एका संघाकडून उतरली. दोन्ही गुडघ्यांना तिने काही बांधलं नव्हतं.

रत्नाकर आणि शीलाताई कडेच्या बाकावर बसले. उन्हात धूळ उडत होती. पहिली काही मिनिटं एस्तेर नुसती इकडून तिकडे पळत राहिली, अंदाज घेत. मग मधल्या रांगेतून कुणीतरी तिच्याकडे लांब चेंडू काढला आणि ती त्याच्यामागे सुटली.

ताईने त्याचा दंड धरला. लीगमध्ये असताना सगळेच त्याला हा प्रश्न विचारत, आणि तो आकडे बघून उत्तर देई.

“काय होईल रे?” तिने विचारलं.

“मला नाही माहीत, ताई,” रत्नाकर म्हणाला.

त्याला भीती वाटत होती. कुठल्याही मामाला वाटावी तशी, साधी. तो पुढे सरकून बसला आणि बघू लागला.